हीट नाही: क्वीन्समधल्या भाड्याच्या घरातल्या एका हिवाळ्याच्या नोंदी

या नोंदी सुरू केल्या तेव्हा फक्त माझ्यासाठी होत्या. पुढे त्या इन्स्पेक्टरला दाखवल्या, कोर्टात दाखवल्या आणि शेवटी बॉयलरच्या मेकॅनिकलाही दाखवल्या. आता नीट उतरवून ठेवतेय, कारण न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्स, एल्महर्स्ट भागातल्या जुन्या विटांच्या बिल्डिंगांत आपली बरीच माणसं राहतात आणि घर गार पडलं की दोन स्वेटर चढवून गप्प बसतात. आम्हीही पहिली दोन वर्षं तेच केलं. यंदा घरात सव्वा वर्षाची लेक होती आणि सांगलीहून आई आली होती. गप्प बसणं शक्य नव्हतं.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. बिल्डिंग सहामजली, तळघरात बॉयलर, घरोघरी वाफेवर तापणारे लोखंडी रेडिएटर. हीट भाड्यातच धरलेली. घरात तापमान कमी-जास्त करायचं बटण नाही, मालक बॉयलर जसा चालवेल तशी ऊब. खालचे नियम न्यूयॉर्क शहराचे आहेत, नदीपलीकडे जर्सीत राहणाऱ्यांनी तिथले पाहावेत. तापमान सगळीकडे फॅरनहाइटमध्ये दिलंय, कारण इथल्या कागदांवर तेच चालतं.

१४ ऑक्टोबर

सकाळी खोबरेलाची बाटली थिजलेली. आई म्हणाली, "अगं, बघ तरी, तेलाचा दगड झालाय. पोरीच्या खोलीत ही गत!" मी तो फोटो काढून सुपरला, म्हणजे बिल्डिंगच्या देखरेखवाल्याला पाठवला. उत्तर आलं नाही.

रात्री बसून नियम वाचले. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीट सीझन. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५च्या खाली गेलं, तर घरात किमान ६८ हवं. रात्री १० ते सकाळी ६ मध्ये बाहेर काहीही असो, घरात किमान ६२ हवं. गरम पाणी मात्र बारा महिने, चोवीस तास, नळाला किमान १२०. आपल्या सेल्सिअसमध्ये ६८ म्हणजे २० आणि ६२ म्हणजे जेमतेम १७.

खोबरेल ७६च्या आसपासच थिजायला लागतं. मालकाने नियम अगदी काटेकोर पाळला तरी बाटली थिजणारच होती. तो फोटो काही कामाचा नव्हता. आकडा लागतो.

२१ ऑक्टोबर

पहिली तक्रार, आणि ती चुकली. दुपारी घर गार वाटलं म्हणून ३११ला फोन केला. ३११ हा शहराचा तक्रारीचा नंबर. ॲपवरूनही करता येते, आणि फोनवर दुभाषी मागता येतो. तक्रार एचपीडीकडे, म्हणजे शहराच्या घरांच्या खात्याकडे जाते. ते आधी मालकाला कळवतात, मग इन्स्पेक्टर पाठवतात.

इन्स्पेक्टर आला, मोजलं. घरात ६६, बाहेर ५८. दिवसाची वेळ, बाहेर ५५च्या वर. नियमाचं उल्लंघन नाही, तक्रार बंद. इन्स्पेक्टरचं काही चुकलं नाही, मी फोन करायच्या आधी बाहेरचं तापमानच पाहिलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

दोन डिजिटल थर्मामीटर आणले, १२ डॉलरला एक. एक दिवाणखान्यात, एक झोपायच्या खोलीत. वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, कोणती खोली, आतलं तापमान, बाहेरचं तापमान, रेडिएटर गरम की गार, स्टोव्ह किंवा हीटर चालू होता का. बाहेरचं तापमान रोज एकाच ठिकाणचं घ्यायचं ठरवलं, लाग्वार्डिया विमानतळाचं. आपल्याला तेच सगळ्यात जवळचं.

शेवटचा रकाना आईने सुचवला. स्वयंपाक चालू असताना दिवाणखाना चार अंशांनी चढतो. तो आकडा वहीत गेला की मालक तेवढाच दाखवणार.

९ नोव्हेंबर

सुपर आला आणि मला पहिल्याच मिनिटाला गप्प केलं. झोपायच्या खोलीतला थर्मामीटर मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. त्याने उचलून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटांत आकडा पाचने वर गेला. आठवडाभराच्या त्या खोलीच्या नोंदी बाद. वहीत आडवी रेघ मारली आणि कारण लिहिलं. फाडून टाकल्या नाहीत. पुढे कोर्टात ती रेघ उपयोगी पडली.

आता थर्मामीटर आतल्या भिंतीला, छातीच्या उंचीवर, रेडिएटर आणि खिडकी दोन्हींपासून लांब.

सुपरकडून त्याच दिवशी रेडिएटरबद्दल जे कळलं ते वाफेचा रेडिएटर असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावं. आमच्याकडे एकच पाइप आहे. त्याच पाइपने वाफ वर येते आणि थंड होऊन पाणी झालं की त्याच पाइपने खाली जाते. म्हणून खालची तोटी एकतर पूर्ण उघडी हवी, नाहीतर पूर्ण बंद. मी ती अर्धी ठेवली होती, कारण गेल्या वर्षी वाफेने खोली तापली की गुदमरायला व्हायचं. अर्ध्या तोटीत पाणी अडकतं, वर येणारी वाफ त्याच्यावर आपटते, आणि रात्री कुणी हातोडीने पाइप ठोकल्यासारखा ठणठणाट होतो. तो ठणठणाट मी दोन वर्षं बॉयलरच्या माथी मारत होते.

दुसरी गोष्ट, रेडिएटरच्या बाजूला चांदीच्या रंगाचं, बोटाएवढं एक नळकांडं असतं. तो एअर व्हेंट. बॉयलर सुरू झाला की रेडिएटरमधली हवा त्यातून सूंऽऽ करत बाहेर पडते आणि मगच वाफ आत शिरते. आमच्या झोपायच्या खोलीतल्या व्हेंटवर आधीच्या कुणीतरी रंगाचे तीन थर दिले होते. भोकच बुजलेलं. पाइप हात लावू नये इतका तापलेला आणि रेडिएटर मात्र पहिली दोन अंगं सोडली तर गार. सुपरने बॉयलर बंद असताना नवीन व्हेंट बसवला. हे आपण स्वतः करू नये. वाफ चालू असताना व्हेंट सुटला तर हात भाजतो.

१८ नोव्हेंबर

व्हेंट बदलल्यावर दिवसा खोली ७०ला जाते. संध्याकाळ आणि रात्र मात्र तशीच. गेल्या नऊ रात्रींपैकी सहा रात्री ६२च्या खाली. सगळ्यात कमी ५७, पहाटे ४ वाजता. लेकीसाठी मी त्या वेळी उठतेच, त्यामुळे ही नोंद चुकत नाही. मध्यरात्रीची आई करते. तिने आपल्या अक्षरात लिहिलंय: "रा. १२, आत ५९, बाहेर ३८, रेडिएटर गार."

मालकाला ईमेल केलं आणि शिवाय पत्र, वहीच्या पानांच्या प्रती जोडून. तोवर सगळं बोलणं तोंडी आणि सुपरशीच झालं होतं. असं लेखी कळवणं आधीच करायला हवं होतं. सुपर मदत करतो, पण बॉयलरच्या कंट्रोलच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्याकडे नाही.

२४ ते २७ नोव्हेंबर

दुसरी तक्रार, या वेळी रात्री ११ वाजता, आत ५८ असताना. दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा दोघेही ऑफिसला. इन्स्पेक्टर वेळ ठरवून येत नाही. तो आला तेव्हा बिल्डिंगच्या दाराची बेल बंद होती, आईला खालचं काही ऐकू आलं नाही. नोंद पडली: प्रवेश मिळाला नाही. अनोळखी नंबरचा फोनही मी मीटिंगमध्ये असल्यामुळे उचलला नव्हता. चार दिवस गेले.

यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. तक्रारीत "बेल बंद आहे, आल्यावर या नंबरवर फोन करा" असं लिहायचं. फोन आईजवळ ठेवायचा आणि मराठी-हिंदीत बोलली तरी चालेल, दार उघडलं की झालं, हे तिला सांगून ठेवायचं. आणि शेजाऱ्यांना धरायचं, म्हणजे आमचं दार बंद असलं तरी दुसऱ्या कुणाचं उघडेल.

३ डिसेंबर

शेजाऱ्यांकडे जायला मला दोन महिने लागले, याची आता चुटपुट लागते. लिफ्टमध्ये रोज हसायचो तेवढंच. ३बीमध्ये बांगलादेशी आजी आहेत, सगळे त्यांना खाला म्हणतात. त्यांनी दार उघडलं तेव्हा चारही शेगड्या आणि ओव्हन चालू, ओव्हनचं दार उघडं. घर उबदार होतं आणि माझ्या पोटात गोळा आला. गॅसच्या ओव्हनने घर तापवायचं नसतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. त्यांचा डिटेक्टर पाहिला तर बॅटरी काढून ठेवलेली, चिवचिव करतो म्हणून. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घालून दिली आणि आमच्याकडची जास्तीची रजई नेऊन दिली.

एकूण सात घरं तयार झाली. खालांचा नातू आणि ६एफमधला कोलंबियाचा मुलगा यांनी बंगाली आणि स्पॅनिशमध्ये सगळ्यांना समजावलं. प्रत्येक घरात तशीच वही. मी रकाने आखलेल्या पानाच्या प्रती काढून वाटल्या.

७ डिसेंबर

सात घरांच्या तक्रारी. रात्री साडेदहाला इन्स्पेक्टर आला. खालांच्या नातवाने खाली जाऊन दार उघडलं. आमच्याकडे ५९, खालांकडे ५८ (ओव्हन बंद ठेवला होता), ६एफमध्ये ६०. तो फारसं बोलला नाही, प्रत्येक खोलीत मोजलं, लिहिलं, गेला.

दोन दिवसांत एचपीडीच्या साइटवर बिल्डिंगचा पत्ता टाकल्यावर उल्लंघन दिसलं, 'सी' वर्गाचं, म्हणजे तातडीने धोकादायक. यात मालकाला दुरुस्तीला २४ तास मिळतात आणि पुढे दर दिवसाचा दंड लागू शकतो. मालकाने काहीच केलं नाही तर शहर स्वतः माणूस पाठवून काम करून घेऊ शकतं आणि बिल मालकाच्या नावावर चढवतं.

१० डिसेंबर

रात्री ६८! आई पहिल्यांदा कानटोपी काढून झोपली.

१५ डिसेंबर

पाच दिवस टिकलं, परत ५९.

या मधल्या दिवसांसाठी ७० डॉलरचा इलेक्ट्रिक हीटर आणला. त्याबद्दल काळजीने लिहितेय. पहिल्या रात्री तो एक्स्टेन्शन कॉर्डवर लावला. सकाळी प्लग काढायला गेले तर प्लॅस्टिक मऊ पडलेलं आणि कडेला तपकिरी. १५०० वॉटचा हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावायचा. पडदे आणि अंथरुणापासून किमान तीन फूट लांब. झोपताना बंद. ९ जानेवारी २०२२ला ब्रॉन्क्समधल्या ट्विन पार्क्स इमारतीत एका हीटरपासून आग लागली आणि १७ माणसं गेली, त्यांतली ८ मुलं. आगीपेक्षा धुराने माणसं गेली, घराचं दार आपोआप बंद व्हायला हवं होतं ते उघडंच राहिलं म्हणून. आमच्या मजल्यावरची दोन दारं तशीच उघडी राहायची, तेही तक्रारीत घातलं.

रात्रीचे आठ तास चालवला तर १२ युनिट वीज जाते. झोपताना बंद करतो म्हणून तेवढी गेली नाही, तरी दोन महिन्यांत बिल मागच्या वर्षीपेक्षा १९० डॉलर जास्त आलं.

खिडक्यांना प्लॅस्टिकचा पडदा चिकटवला (१८ डॉलर) आणि खिडकीतला एसी काढून कपाटात ठेवला. एसीच्या कडेने किती वारा येत होता हे तो काढल्यावर कळलं. झोपायच्या खोलीत दोन अंशांचा फरक पडला.

२९ डिसेंबर

घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, जानेवारीचं भाडं द्यायचं नाही. मला पटत होतं आणि भीतीही वाटत होती. भाडेकरूंसाठी चालणाऱ्या मदतवाहिनीवर तासभर बोलले. घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे आणि भाडं रोखून तो मुद्दा कोर्टात मांडता येतो, हे खरं. पण त्यासाठी मालकाने आपल्यावर थकबाकीचा दावा लावायची वाट पाहावी लागते आणि रोखलेले पैसे तसेच बाजूला ठेवावे लागतात. त्यापेक्षा आपणच आधी कोर्टात जावं, दुरुस्तीचा आदेश मागावा. त्याला एचपी ॲक्शन म्हणतात, वकील लागत नाही. आम्ही भाडं भरलं.

४ आणि ५ जानेवारी

जमैकामध्ये सटफिन बुलेव्हार्डवर क्वीन्सचं हाउसिंग कोर्ट आहे. एफ गाडीने गेले. फी ४५ डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो.

पहिला दिवस वाया गेला. मी एकट्या आमच्या घराचा अर्ज भरला होता. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, बाकीच्यांचीही हीच तक्रार आहे तर एकत्र अर्ज का नाही? एकत्र करायचा तर प्रत्येकाची सही हवी आणि घरागणिक काय काय बिघडलंय ते लिहायला हवं. परत आले, रात्री सात दारं वाजवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दोन सुट्ट्या गेल्या. तुम्ही जाणार असाल तर आदल्या संध्याकाळीच सह्या आणि यादी उरकून जा. यादीत फक्त हीट लिहू नका, गळती, बुरशी, बिघडलेली दारं, बंद बेल, सगळं लिहा. नंतर वाढवायला त्रास होतो.

न्यायाधीशांची सही झालेला कागद मालकाला आणि एचपीडीला पोचवायचा असतो. आम्हाला सर्टिफाइड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवायला सांगितलं. मी भाडं जिथे पाठवते तोच पत्ता घालणार होते. रांगेतल्या एका गृहस्थांनी अडवलं, "शहराकडच्या बिल्डिंगच्या रजिस्ट्रेशनमध्ये मालकाचा पत्ता काय आहे ते बघा." तो वेगळाच निघाला. दोन पाकिटांचे १९ डॉलर.

२३ जानेवारी

तारीख. मालकाचे वकील म्हणाले, बॉयलर नवा आहे, नियमित चालतो, भाडेकरू खिडक्या उघड्या ठेवतात. न्यायाधीशांनी वही मागितली. पानं उलटत खिडकीच्या कट्ट्यावरच्या त्या आठवड्यापाशी थांबल्या आणि रेघ का मारली ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढची पानं वाचली. सात वह्यांतले त्याच रात्रींचे आकडे एकमेकांशी जुळत होते.

सहमतीचा आदेश झाला: हीट ताबडतोब सुरळीत करायची, तीन दिवसांत मेकॅनिककडून बॉयलर आणि कंट्रोल तपासून घ्यायचे, बेल आणि दारं ३० दिवसांत. भाड्यात सूट या अर्जात मिळत नाही, त्याचा मार्ग वेगळा.

२६ जानेवारी

मेकॅनिक आला. मी सुट्टी काढून तळघरात उतरले, वही घेऊन. बॉयलर खरंच नवा आणि ठणठणीत. कंट्रोलची पेटी बाहेरच्या थंडीवर चालते. बाहेर एक सेन्सर असतो, तो जितकी थंडी सांगेल तितका वेळ बॉयलर पेटतो. मेकॅनिक म्हणाला, सेन्सर थोडं जास्त दाखवतोय, पण का ते कळत नाही.

मी म्हटलं, शनिवार-रविवारच्या संध्याकाळी सगळ्यात वाईट असतं. हे आईने काढलं होतं. तिने वहीत त्या वारांपुढे फुल्या केल्या होत्या आणि मला म्हणाली होती, "सुट्टीच्या दिवशी सगळे घरात, सगळ्यांचे दिवे चालू, तरी घर गार कसं? त्या दिवशी बिल्डिंगमध्ये वेगळं काय होतं? सगळे कपडे धुतात, दुसरं काय!"

मेकॅनिकने विचारलं, लाँड्री कुठे आहे? आम्ही मागच्या अंगणात गेलो. सेन्सर तिथल्या भिंतीवर, आणि त्याच्या हातभर खाली ड्रायरचं धुराडं. मी सेन्सरखाली तळहात धरला. बाहेर २६ होतं आणि हाताला दमट, साबणाच्या वासाची गरम वाफ लागत होती. ड्रायर चालू असले की बॉयलरला वाटायचं वसंत आलाय. लाँड्री रात्री ११पर्यंत उघडी असते.

दुसरा दोष पेटीतच. रात्रीची सेटिंग जुन्या नियमाची होती. २०१७पर्यंत रात्री बाहेर ४०च्या खाली गेलं तर घरात ५५ दिलं की पुरायचं. त्यानंतर ६२ झालं, पण पेटी कुणी बदलली नव्हती. बॉयलर नवा घातला, पेटी जुनीच ठेवली.

सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर, उन्हापासून आणि धुराड्यापासून लांब हलवला. सेटिंग बदलली. सगळं मिळून तीन तासांचं काम.

१२ फेब्रुवारी

मालकाच्या ऑफिसातून फोन: जूनमध्ये लीज संपतेय, पुढे देऊ की नाही बघू. हात थरथरले. पण कागद आधीच मागवून ठेवले होते. राज्याच्या घरभाडे खात्याकडून, डीएचसीआरकडून, आपल्या घराच्या भाड्याचा इतिहास फुकट मिळतो. आमचं घर रेंट स्टॅबिलाइज्ड निघालं, म्हणजे लीज नव्याने मिळणं हा आमचा हक्क आहे. शिवाय खरी तक्रार केल्यापासून वर्षभरात मालकाने असं काही केलं तर तो सूड नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. हे सगळं ईमेलने लिहून कळवलं. परत फोन आला नाही.

भाडं कमी करून मिळावं म्हणून त्याच खात्याकडे अर्ज टाकला, शहराच्या तपासणीचा कागद जोडून. निकाल यायचाय.

१ मार्च

खर्च: थर्मामीटर २४, प्लॅस्टिक १८, हीटर ७०, जास्तीची वीज १९०, कोर्ट ४५, पोस्ट १९, प्रती ११. एकूण ३७७ डॉलर. सुट्ट्या चार: कोर्टाला दोन, तारखेला एक, मेकॅनिकसाठी एक. १४ ऑक्टोबर ते २६ जानेवारी, साडेतीन महिने.

९ मार्च

आई काल सांगलीला गेली. तिची शेवटची नोंद: "रा. २, आत ६६, बाहेर २९, रेडिएटर गरम. पोर पांघरूण फेकते."

खालांकडे दिवसा अजून ६५च येतात, बाकी सहा घरांत ७०. त्यांच्या दिवाणखान्यातला व्हेंट सूं करत नाही, रंगाने बुजलाय. दुसरा थर्मामीटर त्यांना दिला आहे. सुपर मंगळवारी सकाळी व्हेंट घेऊन येतोय, मी नऊ वाजता त्यांच्याकडे असेन.